दोनदा विचारणाऱ्या दिघे मॅडम

हा लेख मी लिहावा की नाही, याबद्दल माझं अजून माझ्याशीच एकमत झालेलं नाही. दिघे मॅडमबद्दल लिहिण्याचा हक्क माझ्याआधी पुष्कळांचा आहे. त्यांच्या बरोबरीनं आयुष्यभर शिकवलेले प्राध्यापक आहेत, मोठमोठ्या हुद्द्यांवर पोहोचलेले त्यांचे विद्यार्थी आहेत. मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी, आणि अजून शिकतोच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उत्तरपत्रिका सोडली तर एवढं मोठं मराठी मी कधी लिहिलेलं नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण त्यांनी हाती घेतलेलं शेवटचं काम मी जवळून पाहिलं. ते काम त्यांनी एकदा, सगळे टाळ्या वाजवायला तयार असताना, स्वतःहून थांबवलं होतं. का थांबवलं, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. ते सांगावं, एवढंच मनात आहे.

मॅडम जाऊन आता दीड महिना होईल. मी प्रयोगशाळेच्या सिंकपाशी काचेची भांडी धूत होतो तेव्हा शिपाईकाकांचा फोन आला. "भूषणभाई… मॅडम गयां." एवढंच बोलून ते थांबले. नळ चालूच होता. तो बंद केला आणि उरलेली भांडी धुऊन पालथी घातली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो मुलाखतीसाठी. आम्ही बडोद्यात प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहतो, वडील वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. आम्ही त्यांना नाना म्हणतो. मुलाखत इंग्रजीत होणार म्हणून मी चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. मॅडमनी माझं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं, "सूक्ष्मजीवशास्त्रच का घेतलंस रे?" मी म्हणालो की मला रोगांवर संशोधन करून समाजाची सेवा करायची आहे. त्यांनी मान डोलावली आणि दुसरंच काहीबाही विचारत राहिल्या… घर कुठे, आई काय करते, सायकलनं आलास की बसनं. मी उठून दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला, "अरे, आणि सूक्ष्मजीवशास्त्रच का घेतलंस?" माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "फार्मसीला नंबर लागला नाही, मॅडम." त्या मोठ्यानं हसल्या. "सोमवारपासून ये."

ही त्यांची सवय होती. महत्त्वाचा प्रश्न त्या दोनदा विचारायच्या. एकदा माणूस आल्यावर, आणि मग मध्ये बराच वेळ जाऊ देऊन, तो निघताना. पहिलं उत्तर त्या ऐकून घेत, दुसऱ्यावर विश्वास ठेवत. विभागात सगळे यावरून त्यांची थट्टा करत. मॅडमनी सकाळी "डबा खाल्लास?" विचारलं तर दुपारपर्यंत खाऊन घ्या, परत विचारणार आहेत, असं नव्या मुलांना आधीच सांगून ठेवलेलं असे. त्यांचे आजोबा बडोदे संस्थानच्या महसूल खात्यात होते. मॅडम म्हणायच्या, "आजोबा शेतकऱ्याला पीक कसं आलं ते एकदा चावडीवर विचारायचे आणि एकदा त्याच्या ओट्यावर. उत्तरं कधी सारखी नसायची. आमच्या घराण्याचा रोगच आहे तो, समजला ने?" वाक्याच्या शेवटी गुजरातीतलं ते 'ने' आम्हा बडोद्याच्या सगळ्याच मराठी लोकांच्या बोलण्यात येतं, पण मॅडमचं 'ने' उत्तर मिळेपर्यंत हवेत तसंच उभं राहायचं.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगतो. शरीरात रोगजंतू शिरला की शरीर त्याला धरून ठेवणारी प्रथिनं तयार करतं, त्यांना अँटीबॉडी म्हणतात. एका जातीची अँटीबॉडी साधारणपणे एकाच जातीच्या जंतूला धरते. मॅडमनी साल्मोनेला नावाच्या जंतूला धरणाऱ्या अँटीबॉडी सोन्याचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर बसवल्या होत्या. अन्नातून विषबाधा होते, ताप येतो, लहान मुलं दगावतातसुद्धा, त्यामागे पुष्कळदा हा जंतू असतो. पट्टी नखाएवढी. तिच्यावर दुधाचा किंवा पाण्याचा थेंब ठेवायचा. जंतू असले तर ते अँटीबॉडीला चिकटतात, पट्टीतून जाणारी वीज बदलते आणि हातात मावणाऱ्या यंत्रावर आकडा दिसतो. जुन्या पद्धतीत नमुना काचेच्या प्लेटवर पसरून जंतू वाढायची चार-पाच दिवस वाट पाहावी लागते. तोवर दूध पिऊन झालेलं असतं. पट्टी चहा गाळून होईपर्यंत उत्तर देते. तिचं सगळं महत्त्व त्यातच आहे.

पण मॅडमना पट्टीच्या 'हो'चं फार कौतुक नव्हतं. त्या म्हणत, "हो म्हणायला काय लागतं? आधी तिला नाही म्हणता आलं पाहिजे." म्हणून आमच्याकडे सोमवारच्या डब्याची पद्धत होती. सोमवारी प्रत्येकानं घरून काहीतरी खायचं, उकळलेल्या स्वच्छ बाटलीत आणायचं. ताक, खिचडी, आमटी, काहीही. ते पातळ करून, गाळून पट्टीवर ठेवायचं आणि पट्टी ठामपणे 'नाही' म्हणते का ते पाहायचं. यालाच कोरा नमुना म्हणायचं. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात शहाण्यासारखी वागणारी पट्टी घरच्या अन्नात बावचळते, असं त्यांचं म्हणणं. ओळखीच्या हातचं अन्न घ्या, म्हणजे ते कोरं असल्याची खात्री राहील, असंही त्याच सांगत. नंतर आम्ही चुकलो ते इथेच.

माझी आई सुभानपुऱ्यात सरलाबेनच्या गृहउद्योगात काम करते. पाच-सहा बायका मिळून लग्नाच्या, साखरपुड्याच्या ऑर्डरची बासुंदी, पुरणपोळी, मोहनथाळ करतात. बासुंदी आईची. तास न् तास ती कढईपाशी उभी राहते आणि तिच्या हातचं दूध कधी खाली लागत नाही. एका सोमवारी मी तिच्या बासुंदीची बाटली नेली. उकळून उकळून आटवलेलं दूध, तेही आईच्या हातचं. याहून कोरा नमुना कोणता?

पट्टी 'हो' म्हणाली.

मला वाटलं पट्टी खराब आहे. मॅडमनी दुसरी घेतली, मग वेगळ्या दिवशी बनवलेली तिसरी घेतली. तिन्ही 'हो' म्हणाल्या. मॅडमनी विचारलं, "ही ऑर्डर कुठे जायची आहे?" गोरव्याला, संध्याकाळी साखरपुड्याला, दीडदोनशे माणसं, मी सांगितलं. त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली. मला मागे बसवलं. एका हाताला लग्नघर आणि दुसऱ्या हाताला माझी आई, मध्ये आमची पट्टी.

सरलाबेननी आधी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ऐकल्यावर मात्र उभ्याच राहिल्या. "मारी बासुंदीमां जीवडां?" मॅडम त्यांच्याशी गुजरातीत शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, खात्री नाही, खात्री व्हायला चार-पाच दिवस लागतील, पण माणसं आजच जेवणार आहेत. आज ही पाठवू नका. सरलाबेननी पाठवली नाही. बासुंदीऐवजी मोहनथाळ गेला आणि मुलाकडच्यांनी भर मांडवात नाक मुरडलं. आई कढई घासत राहिली. घरी आल्यावर मात्र म्हणाली, "एवढा शिकलास, आणि जंतू शोधायला तुला आईचीच कढई सापडली होय रे?" नाना पेपराआडून म्हणाले, "अगं, विज्ञान आहे ते." आई म्हणाली, "मग उद्यापासून विज्ञानाच्या हातची पोळी खा."

त्या दिवसांत तिच्याकडे पातेलं देईनात. तिला नारळ खवायला बसवलं. बायका वाईट नव्हत्या, पण जाता-येता बोलत. "ढवळू का गं, की तुझ्या भूषणला विचारून ढवळू?" ती हे सगळं मला सांगायची, आवाज न चढवता, म्हणून जास्त लागायचं.

मग प्लेट पाहायची वेळ आली. बासुंदीच्या सगळ्या प्लेट स्वच्छ होत्या, एकही ठिपका नाही. म्हणजे बासुंदीत जिवंत जंतू नव्हता. ती खाऊन कुणालाही काहीही झालं नसतं. मला आईसाठी आनंद झाला आणि पट्टीसाठी वाईट वाटलं. मॅडम प्लेट उजेडात धरून बराच वेळ बसल्या. मग मला म्हणाल्या, "चल, परत जाऊ या. त्या स्वयंपाकघराला परत विचारू."

या वेळी त्या सकाळी लवकर गेल्या, बायका यायच्या आधी. ओट्यावर दुधाचे कॅन उन्हात ठेवलेले होते. नवा दूधवाला पहाटे ठेवून जायचा आणि स्वयंपाकघर नऊनंतर उघडायचं. उन्हाळ्याचे दिवस. मॅडमनी कॅनमधलं कच्चं दूध बाटलीत घेतलं. पट्टी 'हो' म्हणाली, आणि या वेळी प्लेटवरही जंतू भरभरून वाढले. तेव्हा उलगडा झाला. जंतू दुधात होते, उन्हात ते वाढायचे, आईच्या कढईत ते मरायचे. पट्टीनं बासुंदीत जे पकडलं ते मेलेले जंतू होते.

मला हे नीट कळेना, कारण मेलेला जंतू पट्टीला चिकटेल कसा? मॅडमनी विचारलं, "तुझे नाना वर्कशॉपचा निळा शर्ट घालतात ने? तो दोरीवर वाळत असला तर खालून जाणारा काय म्हणेल?" मी म्हटलं, "नाना घरी आहेत, म्हणेल." "आणि असतात?" "नसतात कधीकधी. दुसरा शर्ट घालून कामावर गेलेले असतात." "मग झालं तर. अँटीबॉडी शर्ट ओळखते. आत माणूस आहे की नाही, ते तिला कळत नाही. उकळल्यानं जंतू मरतो, त्याचा शर्ट बराचसा तसाच राहतो."

सरलाबेनकडे त्या तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा सगळ्या बायका कामावर होत्या. मॅडमनी सर्वांसमोर हात जोडले. "बासुंदी चांगली होती. या बाईंनी सगळे जंतू मारले होते. आमची पट्टी जे सांगते ते काय आहे, हे आम्हालाच पुरतं कळलं नव्हतं. चूक आमची आहे." कॅनचंही सांगितलं. दूध त्या दिवसापासून नऊनंतर येऊ लागलं. सरलाबेन आईकडे वळून म्हणाल्या, "ले, उठ हवे, ऊठ आता. दूध चढव." आईनं नारळाची खवणी बाजूला सारली. मॅडमना वाटीभर बासुंदी खाल्ल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मॅडमना गोड चालत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

त्याच महिन्यात एका मोठ्या डेअरीचे लोक पट्टी पाहायला यायचे होते. विभागात सगळे खुशीत होते. पट्टी बाहेर वापरात येणार, तीही मॅडम निवृत्त व्हायच्या आत. मॅडमनी त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. एका सहकाऱ्यांनी खूप समजावलं. "मॅडम, कच्च्या दुधात जंतू होताच ना? म्हणजे पट्टी बरोबरच होती." मॅडम म्हणाल्या, "हेच सरलाबेनच्या दारात उभं राहून सांगाल? मोठ्या डेअरीला वकील असतो. पट्टी 'हो' म्हणाली म्हणून कुठलं घरगुती स्वयंपाकघर कुणी बंद केलं, तर त्या बायका कुणाला विचारणार?" जिवंत आणि मेलेला यांतला फरक कळल्याशिवाय पट्टी दाराबाहेर जाणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. तेव्हा त्यांचं दुखणं सुरू झालेलं होतं. आपल्याकडे वेळ किती आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तरी त्यांनी थांबवलं. डेअरीचे लोक नंतरही कधी आले नाहीत.

पुढचं वर्षभर आम्ही तोच प्रश्न घेऊन बसलो. वेगळ्या अँटीबॉडी आणल्या, वेगळे थर दिले. काही जमलं नाही. मॅडम औषधोपचारांमुळे आठवड्यातून एक-दोनदाच येत, डोक्याला रुमाल बांधून. आल्या की पांढरा कोट चढवत आणि विचारत, "काय म्हणते पट्टी?" मी म्हणे, बरं चाललंय. त्या निघताना कोट खुंटीला लावत पुन्हा विचारत, "काय म्हणते रे पट्टी?" मी सांगे, काही म्हणत नाही, मॅडम. अशाच एका दिवशी त्या कोट लावत असताना मला एक सुचलं. बोलावं की नाही, कळत नव्हतं. असं काही मी आपणहून कधी बोललो नव्हतो. पण बोललो. "मॅडम, आपण पट्टीला दोनदा विचारलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे नमुना आल्याआल्या एकदा मोजायचा. मग त्यात जंतूंना आवडणारं खाणं घालून काही तास उबेत ठेवायचा आणि परत मोजायचा. जिवंत असले तर ते वाढतील, आकडा वाढेल. मेलेले असले तर आकडा आहे तिथेच राहील."

मॅडम खुर्चीत बसल्या. कोट अर्धा खुंटीला, अर्धा हातात. "जन्मभर मी हेच करत आले," त्या म्हणाल्या, "आणि पट्टीला विचारायचं तेवढं राहिलं!" मग हसू आवरून म्हणाल्या की हे काही नवं नाही, जंतू वाढवून मोजणं जुनंच आहे, फार शेफारू नकोस. शिवाय आता चहा गाळण्याएवढ्या वेळात उत्तर मिळणार नाही, अर्धा दिवस लागेल. "पण चार-पाच दिवसांपेक्षा बरं. आणि खरं."

आमच्या हातून ते जमू लागलं. आई एका सोमवारी बासुंदी देताना म्हणाली, "आता तरी नीट विचार तिला." पण आपल्याच हातच्या निकालावर मॅडमचा विश्वास नसे. त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला पट्ट्या आणि यंत्र पाठवायला लावलं. तिथल्या लोकांनी त्यांचे नमुने घ्यायचे, काहींत जिवंत जंतू, काहींत उकळून मेलेले, काही कोरे, आणि आम्हाला काहीही न सांगता पट्टीचं उत्तर प्लेटशी ताडून पाहायचं. पार्सल गेलं तेव्हा मॅडम इस्पितळात होत्या.

मी भेटायला गेलो. "कशा आहात, मॅडम?" "मस्त. बेस ने." मी बसलो. पार्सल पोहोचल्याचं सांगितलं. त्यांनी बजावलं की निकालासाठी त्या प्रयोगशाळेला फोन करायचा नाही. "घाई केली की लोक आपल्याला हवं ते सांगतात." मग आईची चौकशी केली, सरलाबेनची केली, नर्सला माझी ओळख करून दिली… "हा फार्मसीला नंबर न लागलेला." मी निघालो. दारापर्यंत गेलो आणि वळलो. मला खरं तर भीती वाटत होती. "कशा आहात, मॅडम?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही रे, बरं नाही आता." मग म्हणाल्या, "शिकलास तू."

त्यानंतर आमची भेट झाली नाही. शिपाईकाकांचा तो फोन आला तेव्हा निकाल यायचा होता. त्यांना तो कळलाच नाही. मी फोन करून विचारला असता तर कदाचित कळला असता, असं आई म्हणते. पण मग तो खरा निकाल झाला नसता, असं मॅडम म्हणाल्या असत्या.

त्यांचा कोट अजून प्रयोगशाळेतल्या खुंटीवर आहे. काढायचं कुणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. मागच्या आठवड्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी दारातून डोकावली, कोट पाहिला आणि हळूच विचारलं, "मॅडम आल्यात का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग नंतर येते."

त्याच सकाळी त्या दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून फोन आला. बोलणाऱ्या बाईंना मॅडम गेल्याचं माहीत नव्हतं. त्यांनी आधी मॅडमनाच विचारलं, मग मला निकाल सांगितला. एक सोडून सगळ्या नमुन्यांत पट्टीनं जिवंत आणि मेलेले बरोबर वेगळे केले होते. त्या एका नमुन्यात जिवंत जंतू इतके थोडे होते की पट्टीला ते दिसलेच नाहीत. मी आभार मानले. मॅडमचंही सांगितलं. फोन ठेवला, काम केलं, डबा खाल्ला. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी त्यांना पुन्हा फोन लावला आणि संकोचत विचारलं, "निकाल काय आला होता, एकदा परत सांगता का?"

"तोच," त्या म्हणाल्या. "आणि तो चुकलेला नमुना आम्ही आज परत केला. आणखी थोडा वेळ उबेत ठेवला तर पट्टीनं ओळखला. तुमच्याकडे अजून पट्ट्या आहेत का? आम्हाला इथे वापरायच्या आहेत."

आहेत त्या पाठवतो म्हटलं, आणि उद्यापासून नव्या करायला घेतो.